तुम्ही विचारलंत म्हणून: वाटी बदलून का देत नाही

"भाऊ, वाटी बदली टाक ना, कितला पैसा लागतीन?" धातूच्या मँडोलिनची पिशवी उघडायच्या आधीच हा प्रश्न येतो. अमळनेरचा ऑर्केस्ट्रावाला असो, शिरपूरकडचा बँडवाला असो, नाहीतर आजोबांचं वाद्य माळ्यावरून काढून आणलेला नातू असो. पोटातून खडखड आली म्हणजे वाटी (तारांची थरथर घेऊन आवाज मोठा करणारा पातळ पत्र्याचा शंकू) गेली, आणि गेली म्हणजे नवी टाका. मी नाही म्हटलं की याला जमत नसेल, नाहीतर याला बिल वाढवायचं असेल, अशी बोलणी सुरू होतात. तोंडी सांगून सांगून कंटाळा आला. आता लिहूनच ठेवतो, पुढच्याला हेच वाचायला देईन.

वाटी म्हणजे पोटातली ॲल्युमिनियमची, हे तुम्हाला माहीतच आहे. एवढंच लक्षात ठेवा की ती दोन तऱ्हेने बसते. एकीत टोक तारांकडे वर असतं आणि टोकावर लाकडाची चकती, म्हणजे बिस्किट, आणि त्यावर घोडीची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. दुसरीत वाटी उलटी, खोलगट बाजू वर, आणि तिच्यावर पाय पसरलेला कोळी, म्हणजे कोळ्याच्या आकाराची धातूची चौकट. जॉन डोप्येरा आणि मंडळींनी १९२७ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये नॅशनल कंपनीतून ही वाद्यं काढली आणि पुढे डोप्येरा भावांनी डोब्रो नावाचं असंच वाद्य काढलं, ते सगळं वाद्य मोठ्याने वाजावं म्हणून. माईक आणि ॲम्प्लिफायर तेव्हा घरोघरी नव्हते. इथे मी बोलतोय ते बिस्किटवाल्याबद्दल.

आधी खडखड येते कुठून ते बघू. तारा ताणलेल्या असतानाच, काहीही न उघडता, एका हाताने वाजवायचं आणि दुसऱ्या हाताने एकेक जागा दाबत जायचं. कव्हर प्लेटचा, म्हणजे वाटीवरच्या झाकणाचा, प्रत्येक स्क्रू. टेलपीसचं, म्हणजे खालच्या टोकाला तारा अडकवतात त्या पट्टीचं, झाकण. खुंट्यांच्या पट्टीचे बारीक स्क्रू आणि वरच्या बुशिंगा. टेलपीसपाशी तारेचं उरलेलं शेपूट पत्र्याला टेकलंय का. नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते खुंटी या तुकड्यात तारा गुणगुणतात का. तिथे फेल्टची चिंधी सरकवली की लगेच कळतं. आवाजाच्या भोकांमागची जाळी सुटली आहे का. मोकळी तार खडखडते आणि दाबलेली नाही, तर नटाची खाच खोल गेलीय. एकाच फ्रेटवर खडखडते, तर पुढचा फ्रेट उंच आहे. आणि ठरावीक सूर कुठल्याही तारेवर काढला तरी खडखड येते, तर त्या सुराला थरथरणारं काहीतरी सैल आहे, ते शोधत बसायचं. सतारीवाले जव्हारीसाठी घोडी तासतात आणि त्यांना तो झणझणाट हवाच असतो. इथे तोच झणझणाट म्हणजे रोग, आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ वाटीच्या बाहेर असतं.

इथवर काही सापडलं नाही तरच उघडायचं. सगळ्या तारा थोड्या थोड्या करून सारख्या सैल करायच्या. एका बाजूच्या आधी उतरवल्या की दुसरीकडचा भार बिस्किटाला तिरकं ढकलतो. वाटी उचलण्यापूर्वी तिच्या कडेवर आणि बैठकीवर, म्हणजे अंगात कड टेकते त्या जागेवर, समोरासमोर पेन्सिलची खूण करा, परत बसवताना ती खुणेला खूण लावूनच बसवायची. बिस्किटाचा स्क्रू तपासा. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४ च्या पुढे जातो, लाकडाची चकती वाळून आक्रसते आणि स्क्रू सैल पडतो. तेवढा टेकेपर्यंत आवळा. जोर लावलात तर वाटीचं टोक आत दबेल.

मग बैठक बघा. पितळेचं अंग, ॲल्युमिनियमची वाटी आणि पावसाळ्यातली ओल: दोन धातू आणि मधे ओल असली की झिजतं ते ॲल्युमिनियम. कडेखाली पांढरी भुकटी दिसते ती हीच. ती एका बाजूला साठली की वाटी सगळीकडून टेकत नाही आणि न टेकलेला भाग वाजतो. मऊ ब्रश आणि थोडं स्पिरिट पुरतं. पॉलिशपेपर नको. वाटी जाड काचेवर पालथी ठेवून कडेवर चार जागी बोटाने हलकं टकटक करा, डुगडुगते का बघा. पुष्कळांची खडखड इथेच संपते. नवी वाटी लागत नाही, आणि बिलही त्या मानाने फार होत नाही, म्हणून "एवढंच होतं का?" असंही ऐकावं लागतं. हो, एवढंच होतं.

आता ते मँडोलिन सांगतो, कारण माझा हट्ट तिथून आलाय.

चोपडा तालुक्यातून आलं होतं. पितळेचं अंग, निकेलचा मुलामा हाताखाली झिजून पिवळं दिसू लागलेलं, खुंट्या मूळच्या, फिंगरबोर्ड मूळचा. तक्रार खडखडीची नव्हती. आवाजच नाही, अशी होती. बंद खोलीतही लाकडी मँडोलिनपेक्षा दबका. उघडलं तर आत भांडी बनवणाऱ्याकडून साच्यावर दाबून घेतलेली वाटी. मूळ वाटीचा पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, ही मोजली तर पाऊण मिलिमीटर. वजन तिप्पट झालं हे कुणालाही कळतं. पण पत्र्याची जाडी तिप्पट झाली की तो वाकवायला लागणारा जोर सत्तावीस पट होतो, हे लक्षात घेतलं जात नाही. तेवढं हलवायची ताकद मँडोलिनच्या तारेत कुठून येणार? शिवाय भांड्याचा पत्रा मऊ. आणि कड आत वळवलेली, डब्याच्या झाकणाची वळवतात तशी. म्हणजे सपाट टेकायला जागाच नाही. डुगडुगू नये म्हणून सभोवार इपॉक्सी ओतलेलं. बिस्किट शिसमचं, जाडजूड, तेही इपॉक्सीने चिकटवलेलं.

ते इपॉक्सी काढणं हेच खरं काम होतं. हेअर ड्रायरने थोडं गरम करायचं, पातळ पातं सरकवायचं, पुन्हा गरम करायचं. गॅसची ज्योत लावायची सोय नाही. या अंगाचे सांधे डाखाचे असतात, ज्योत लागली की डाख वितळतो. मालकांना विचारलं, मूळ वाटी कुठंय? म्हणाले, ती खडखडायची म्हणून बदलली. जुनी भंगारात गेली. आणि अंग उलटं करून हलवलं तेव्हा आतून एक छोटा वायसर खाली पडला. मानेचं लाकूड अंगातून आरपार जातं, ते पकडणाऱ्या स्क्रूचा. खडखड बहुधा त्याचीच होती. सुटा वायसर पत्र्यावर नाचत होता, आणि त्यापायी इतक्या वर्षांची वाटी किलोच्या भावाने गेली.

बैठकीचा व्यास तीन ठिकाणी मोजून परदेशातून योग्य मापाची वाटी मागवली, मेपलचं बिस्किट केलं, वाद्य उभं राहिलं. चांगलं वाजलं, खोटं कशाला बोलू. मालकांनी विचारलं, "पहिल्यासारखं वाजतंय ना?" पहिलं मी ऐकलेलंच नाही. काय उत्तर देणार?

म्हणजे बदलायचीच नाही, असं मी म्हणत नाही. टोकापासून चीर फुटली असेल, कड फाटली असेल, तर बदलावीच लागते. खरी अडचण आहे ती खचलेल्या वाटीची. खचते भारामुळे, आणि भाराचा हिशोब सोपा आहे. हलक्या सेटच्या, म्हणजे ०.०१० ते ०.०३४ इंचाच्या आठ तारांचा मिळून ताण ६० ते ७० किलो. घोडीवरून तारा खाली वळतात तो कोन, म्हणजे एकूण कल, १० अंश असेल तर वाटीवर सुमारे ११ किलो भार येतो. कल १५ अंश केला की १७ किलो. आवाज वाढेल म्हणून कल वाढवतात आणि वाटी खचवतात! त्यात पहिली तार तुटली की गिटारच्या बाराच्या सेटची (पहिली तार ०.०१२ इंच) पहिली कापून लावतात. मँडोलिनच्या पहिल्या तारेच्या सुरात दहाच्या तारेला पावणेनऊ किलो ताण, बाराच्याला साडेबारा. वर गायकाच्या सोयीसाठी सूर अर्ध्या स्वराने चढवला की सगळ्या तारांवर आणखी १२ टक्के. पावसाने खचली म्हणता. ॲल्युमिनियमला पाऊस असा खचवत नाही.

खचलेली वाटी आतून अंगठ्याने दाबून वर काढू नका. वाकून परत वाकलेलं ॲल्युमिनियम कडक होतं आणि पुढे तिथेच चिरतं. पूर्वी मी अशी वाटी दिसली की सरळ बदलायची म्हणायचो. आता म्हणतो, हलक्या तारा लावा आणि बिस्किटावर उंच पट्टी घाला. पण उंच पट्टी तारांच्या ओढीने डोलते, बिस्किट तिरकं होतं, मधे सूर मिळत नाही. मग वाटतं, पूर्वीचंच बरोबर होतं का? प्रत्येक वाद्याला वेगळं उत्तर निघतं आणि त्यातलं एखादं चुकतंही असेल.

जुळणीबद्दल विचारता म्हणून आकडे देतो. नट ते बारावा फ्रेट जेवढं अंतर, तेवढंच पुढे घोडीपर्यंत, वर जाड तारांसाठी एक-दोन मिलिमीटर जास्त. बिस्किट वाटीच्या मध्यावर अडकलेलं, त्यामुळे ते सरकवता येत नाही. बिस्किट किंचित फिरवून आणि पट्टीचा माथा तिरका तासूनच सूर जुळवायचा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पातळ बाजूला दीड, जाड बाजूला दोन मिलिमीटर. तिसऱ्या फ्रेटवर दाबलं की पहिल्यावर कागद जेमतेम जाईल एवढीच फट, त्यापेक्षा खाच खोल नको. खाचांना सराफ बाजारातल्या बारीक कानशी उत्तम. बिस्किटाला मेपल नसेल तर हलकं आणि घट्ट लाकूड घ्या. सागवान तेलकट, डिंक धरत नाही, शिसम जड, आवाज मारतं. अंगाला पोचा आला म्हणून भांडी ठोकणाऱ्याकडे देऊ नका, आणि चकाकी आणायला बफिंग तर नकोच. मुलामा जातो तो परत येत नाही.

आणायचं तर तारा चढवलेल्याच ठेवून आणा, खडखड मला ऐकायची असते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी लगीनसराईत आणाल तर आखाजीनंतरच मिळेल, घाई करणाऱ्याचं काम मी घेत नाही. मूळ वाटी काढून ठेवली असेल तर तीही आणा, चेपलेली का असेना. भंगारवाल्याला दिली असेल तर तेही आधीच सांगा.