शेवटचा 'ए'

वेबसाइट बनवून देणं हा माझा धंदा, आणि बनवलेली वेबसाइट गिऱ्हाइकाच्या हाती सोपवण्याचा दिवस हा त्यातला माझा सर्वांत नावडता दिवस. त्या दिवशी समोर होत्या तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, चष्मा गळ्यात, पुढ्यात दोनशे पानी वही. मी लॅपटॉप उघडेपर्यंत त्यांनी वहीत तारीख टाकून खाली रेघसुद्धा मारली होती.

वेबसाइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका तयार प्रणालीवर होती. पत्त्यापुढे 'डब्ल्यूपी-अॅडमिन' लिहिलं की आत जायचं दार येतं, हे मी दाखवलं. आत शिरताच वरच्या कोपऱ्यात 'हाउडी' दिसलं.

"हे काय?"

"अमेरिकेतला रामराम."

वहीत नोंद झाली : हाउडी – रामराम. खरं तर हे पॅनल मराठीतही करता येतं, पण मी मुद्दाम इंग्रजीत ठेवलं होतं. फोनवरून मी 'रीडिंग' म्हणायचं आणि पलीकडच्याने मराठी यादीत त्याचा प्रतिशब्द शोधत बसायचं, हा घोळ मी एकदा पुरेसा भोगलाय.

डावीकडच्या काळ्या पट्टीत 'पोस्ट्स' वर आणि 'पेजेस' खाली असतं. दोन्हीकडे मजकूरच लिहायचा, मग दोन कशाला, हे मला प्रत्येक जण विचारतो आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर फसतं. मी सुरू केलं : वर्डप्रेस २००३ मध्ये आलं ते तारीखवार लिखाणासाठी, त्यामुळे पोस्ट हे त्याचं मूळ, स्थिर पानं २००५ मध्ये आली...

"थांबा," बाई म्हणाल्या. "पोस्ट म्हणजे नियतकालिक, पेज म्हणजे ग्रंथ. एकाचे अंक येत राहतात, दुसरा कपाटात लागला की लागला."

त्यानंतर मी कुणालाच दुसरं उत्तर दिलेलं नाही. 'कॅटेगरी' तर त्यांना शिकवावीच लागली नाही. आयुष्यभर मराठी साहित्याच्या पुस्तकांवर ८९१.४६ हा वर्गांक चिकटवणाऱ्या बाईला वर्गीकरण मी काय सांगणार? उलट मी हौसेने केलेल्या अकरा कॅटेगरींतल्या सात त्यांनी तिथल्या तिथे काढायला लावल्या. "ज्यात एकच पुस्तक बसतं तो वर्ग नव्हे."

'रिव्हिजन्स' बघून मात्र त्या खऱ्या अर्थाने खूश झाल्या. मजकूर बदलला तरी आधीचा खर्डा मागे शिल्लक राहतो, दोन खर्डे शेजारी ठेवून ताडता येतात. त्यांनी उठून कपाटातून दाखल नोंदवही काढून दाखवली. तिच्यात खाडाखोड चालत नाही. चुकलं तर लाल शाईची एकच रेघ, बाजूला सही, आणि रेघेखालचं वाचता आलंच पाहिजे. "तुमच्या लोकांना अक्कल आहे," असा शेरा मिळाला. टाकून दिलेली पोस्ट तीस दिवस 'ट्रॅश'मध्ये राहते हेही आवडलं, फक्त तीस दिवस त्यांना फारच कमी वाटले.

मग खरं काम. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना त्याच दिवशी सभासदांना जायची होती. सूचना तयार होती, पण जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली. चिकटवल्याबरोबर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. जुन्या फाँटात अक्षर मराठी दिसतं, साठवलेलं असतं भलतंच. हे दुखणं महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यालयात आहे. बाईंनी कुरकुर न करता सगळी सूचना युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली आणि सव्वादहाला 'पब्लिश' दाबलं.

यादीत वेळ उमटली पहाटे ४.४५.

"पावणेपाचला वाचनालय उघडलं होतं का?"

चूक माझी. नवी वेबसाइट ग्रिनिचच्या वेळेवर चालते, ती साडेपाच तास पुढे आणायचं मी विसरलो होतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल' उघडून टाइमझोनमध्ये कोलकाता निवडलं. त्याने आधी प्रसिद्ध झालेल्या सूचनेची वेळ सुधारत नाही, ती हाताने बदलावी लागली. बाई हे सगळं लक्षपूर्वक बघत होत्या. मी त्यांना धीर द्यायला म्हणालो, "घाबरायचं नाही, इथे काहीही बदललं तरी परत बदलता येतं." हे वाक्य लक्षात ठेवा.

जेवणाआधी आणखी एक गंमत झाली. सूचनेचा दुवा व्हॉट्सअॅपवर टाकला तर तो टक्केचिन्हांची मालगाडी झाला, आणि डबे मोजले तर शेवटचा शब्द गायब. बाईंना कारण हवं होतं. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला नऊ अक्षरं खर्ची पडतात, काना-मात्रेलाही नऊ, जोडाक्षर जुळवणाऱ्या हलंतालाही नऊ. वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला दोनशे अक्षरं देतं. बाईंनी पेन्सिलीने मांडलं : वार्षिक सात, सर्वसाधारण दहा, सभेची पाच. बावीस नवे एकशे अठ्ठ्याण्णव, मधल्या दोन आडव्या रेघा धरून बरोबर दोनशे. 'सूचना' दारातच राहिली. इतक्या वर्षांत मी हा हिशेब कधी कागदावर केला नव्हता. आम्ही पत्ता रोमन लिपीत छोटा केला, दुवा नव्याने सभासदांच्या गटांत पाठवला, आणि मी शिपाईकाकांबरोबर मिसळ खायला गेलो.

परत आलो तर बाई वहीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या. पडद्यावर ब्राउझरचा करडा निरोप : ही साइट सापडत नाही.

"मी फक्त शुद्धलेखन सुधारलं," त्या म्हणाल्या.

टाइमझोनच्या वरच, त्याच 'जनरल' पानावर, दोन चौकटी असतात : वर्डप्रेस अॅड्रेस आणि साइट अॅड्रेस. बाईंनी शांतपणे वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पत्त्यातलं 'वाचनालय' लेटरहेडपेक्षा वेगळं आहे. लेटरहेडवर रोमन स्पेलिंगच्या शेवटी 'ए' होता, इथे नव्हता. स्पेलिंग कार्यकारिणीच्या ठरावानुसार 'ए'सकटच होतं. त्यांनी दोन्ही चौकटींत 'ए' घातला आणि 'सेव्ह' केलं. आता वेबसाइट येणाऱ्या प्रत्येकाला 'ए'वाल्या पत्त्यावर पाठवत होती, आणि त्या पत्त्याचं नाव कुणी कधी नोंदवलेलंच नव्हतं. आत जायचं दारही तिथेच गेलं. म्हणजे परत बदलता येतं खरं, पण ज्या खोलीत बदलायचं तिलाच कुलूप, आणि किल्ली आत.

त्यांना संपादकाऐवजी प्रशासकाचे अधिकार मीच दिले होते. वर्डप्रेसमध्ये 'एडिटर'ला 'सेटिंग्ज' दिसतच नाहीत. पण वेगळं खातं काढायचा कंटाळा केला होता.

उपाय दोन ओळींचा. सर्व्हरवर 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' नावाची फाइल असते, तिच्यात खरा पत्ता ठोकून बसवला की चौकटींत काहीही असो, वेबसाइट तिकडे बघत नाही. अडचण सर्व्हरपर्यंत पोचायची होती. होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, घेतलेलं माजी सहकार्यवाहांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, आणि ते भाचीच्या लग्नात कोल्हापूरला. फोनवर बँड वाजत होता. पहिला ओटीपी ऐकू येईपर्यंत त्याची मुदत संपली. दुसऱ्याला त्यांनी "पाच की सात?" यावर वाद घातला. तिसरा लागला. एवढ्यात इकडे सभासदांचे फोन सुरू. बाई प्रत्येकाला एकच सांगत होत्या : "दुवा बरोबर आहे, चूक माझी आहे, अर्ध्या तासाने बघा."

फाइल उघडली. 'बस, इथून पुढे बदल करू नका' अशा अर्थाची एक ओळ त्या फाइलीत इंग्रजीत असतेच. तिच्या वर दोन ओळी घातल्या. माझ्या मोबाइलवर वेबसाइट उभी राहिली. बाईंच्या संगणकावर मात्र नाही. ब्राउझरने चुकीचा पत्ता कायमचा म्हणून पाठ करून ठेवला होता, तो विसरायला लावण्यात आणखी दहा मिनिटं गेली.

मग त्यांनी 'जनरल' पान पुन्हा उघडायला लावलं. त्या दोन चौकटी आता करड्या झाल्या होत्या, त्यांत कर्सरच शिरत नव्हता.

"हे असं सकाळीच का नाही केलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"आणि मला इतक्या किल्ल्या कशाला? मला सूचना लावायच्यात, भिंती पाडायच्या नाहीत."

त्यांच्यासाठी 'एडिटर'चं खातं काढलं. प्रशासकाचा पासवर्ड एका पाकिटात घालून, पाकिटावर दोघांच्या सह्या करून, लोखंडी कपाटात दाखल नोंदवहीच्या खाली गेला. होस्टिंगचा मोबाइल नंबर बदलायचा विषय त्यांनी येत्या सभेच्या विषयपत्रिकेत घातला, आणि त्यासाठी प्रसिद्ध झालेली सूचना पुन्हा उघडून स्वतःच 'अपडेट' केली.

साडेपाचला मी निघालो तेव्हा कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा टेबलावर आला होता. बाई एकेका कागदावरच्या पत्त्यातला शेवटचा 'ए' लाल शाईने कापत होत्या आणि बाजूला सही करत होत्या.