चिमूट: धार आता हाताचं ऐकते!

जमलं एकदाचं! (‘चिमूट’ म्हणजे बोटांच्या चिमटीच्या दाबानं पडद्यावर रांगोळी काढायचा माझा प्रयोग.) चिमूट आवळली की रांगोळी त्याच ठिपक्यावर थांबते. या एका गोष्टीनं अख्खा पावसाळा खाल्ला.

अडचण पहिल्यापासूनची. हातात चिमूट सैलावली की धार सुटते, आवळली की बंद. म्हणजे सगळा खेळ हलक्या दाबाचा, आणि एफएसआर, म्हणजे दाब मोजणारा पातळ सेन्सर, नेमका तिथेच दगा देतो. हलक्या दाबाला त्याचा रेझिस्टन्स प्रचंड असतो, बोट जरा सरकलं की धाडकन बदलतो. रेष थरथरायची. रीडिंगची सरासरी काढली की थरथर जायची, पण चिमूट आवळल्यावरही धार सांडत राहायची. कमळाच्या प्रत्येक पाकळीच्या टोकाला ढीग!

आधी सेन्सरसोबत जोडलेल्या व्होल्टेज डिव्हायडरमधला १० किलोओहमचा रेझिस्टर काढून ४७ किलोओहमचा लावला. हलका दाब लगेच नीट उलगडला. उरलेलं काम वन युरो फिल्टर या थरथर गाळणाऱ्या गणिती पद्धतीनं केलं (कासिए, रुसेल आणि व्होगेल, २०१२). बदल सावकाश असेल तर तो जास्त गुळगुळीत करतो, झपकन असेल तर आडवा येत नाही. त्याचे आकडे दोन: मिन-कटऑफ थरथर किती गाळायची ते ठरवतो, बीटा झपकन बदलाला किती वाट द्यायची ते. बीटा शून्य ठेवून हळू हातानं मिन-कटऑफ उतरवत न्या, थरथर गेली की झपाझप चिमूट उघडमीट करत बीटा वाढवा. क्रम उलटा केलात तर डोकं फिरेल.

एफएसआरच्या शेपटाला सोल्डर लावू नका, फिल्म वितळते. दाबून बसवायचा क्रिंप कनेक्टरच बरा. सेन्सर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन काउंटरवर मल्टिमीटरनं तपासून घ्यावेत हे माझं ठाम मत. ऑनलाइन आलेल्यांतले काही पहिल्या दिवसापासून मेलेले होते. ईएसपी३२वर (सेन्सर वाचणारी छोटी कंट्रोलर चिप) वाय-फाय चालू असेल तर सेन्सर एडीसी१च्याच पिनांना जोडा, एडीसी२च्या तेव्हा चालत नाहीत.

काल आईला बसवलं. अंगठ्याला मायक्रोपोर पट्टीनं सेन्सर चिकटवला, तर तिनं ठिपके सोडून थेट वेल काढायला घेतली, वळणावर धार जाड, शेंड्याला केसाएवढी. नंतर भाचीनं काढली ती सगळी टपोऱ्या थेंबांची. कुठली कोणाची, लांबून ओळखू येतं! त्यामुळे ठिपक्यांना रेष आपोआप चिकटवणं आजच काढून टाकलं. ‘ओकामी’ या व्हिडिओ गेममध्ये (२००६) ब्रश उचलला की खेळ थांबतो आणि आकार ओळखला गेला तरच काही घडतं, तिथं ते शोभतं. मला तोशिओ इवाईंच्या ‘इलेक्ट्रोप्लँक्टन’ या संगीताच्या गेमची (२००५) वाट जवळची: ना गुण, ना जिंकणं.

पुढचं काम रंगांचं ठरलं होतं. पण हे लिहिताना गिरगावच्या पाडव्याच्या रांगोळ्या आठवल्या. हात वर धरला की रांगोळी पसरते, जमिनीलगत धरला की रेष कोरीव येते. चिमूटमध्ये उंची हवीच! रंग थांबतील. कॅमेऱ्यातून हाताचे बिंदू (लँडमार्क) ओळखणाऱ्या मीडियापाइपचा झेड, म्हणजे खोलीचा आकडा, मनगटाच्या सापेक्ष असतो, त्यावरून उंची कळणार नाही. म्हणून मनगट ते मधल्या बोटाचा सांधा, म्हणजे लँडमार्क ० ते ९, पिक्सेलमध्ये मोजून बघतो. तळहात तिरका झाला की हे अंतर उगाच कमी भरणार. त्यावर कोणी काही तोड काढली असेल तर जरूर सांगा.