दोष माझाच

ह्यूस्टनमधल्या ज्या दुकानवजा स्टुडिओत मी काम करतो, तिथे लोक जुन्या तबकड्या, रिळं, कॅसेटी घेऊन येतात आणि फाइल घेऊन जातात. बहुतेक वेळा कुणाचं तरी लग्न असतं, नाहीतर आजोबांचं प्रवचन. त्या मंगळवारी ब्यूमाँटहून आलेल्या ऐंशीच्या पुढच्या एका बाईंनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एकच तबकडी टेबलावर ठेवली. कोलंबिया कंपनीची, क्रमांक १४३०३-डी. गायक ब्लाइंड विली जॉन्सन, टेक्सासचा भक्तिगीतं गाणारा अंध गिटारवादक.

मी थोडा वेळ हातच लावेना. हे नाव मला माहीत झालं ते केसरबाईंमुळे. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ती संपली की लगेच हा माणूस लागतो. गिटारच्या तारांवर स्लाइड फिरवत, शब्दांवाचून नुसता हुंकारत. मी केसरबाईंसाठी ऐकायला बसलो आणि याच्यापाशी अडकलो, हे कृपा करून गोव्यात कुणाला सांगू नका.

३ डिसेंबर १९२७ ला डॅलसमध्ये केलेलं ते मुद्रण याच तबकडीवर होतं. पण बाईंना हवी होती दुसरी बाजू, ‘इट्स नोबडीज फॉल्ट बट माइन’. त्यांच्या आईची आवडती. घरात बायबल आहे, ते वाचलं नाही तर आत्मा बुडेल, आणि दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच. हे एक आंधळा माणूस गातोय. १९४५ साली तो ब्यूमाँटमध्येच वारला.

आधी आंघोळ. डिस्टिल्ड वॉटर, किंचित साबण, मऊ ब्रश, तोही खाचांच्या दिशेनेच. स्पिरिट चुकूनही नाही, कारण त्यात लाख विरघळते. हो, लाखच. त्या काळच्या तबकड्यांतली लाख मुख्यतः आपल्याकडूनच जायची.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कडेपासून लेबलापर्यंत केसाएवढी चीर. शिवाय साधारण मध्यावर बोटभर रुंदीचा पट्टा करडा पडलेला. बाकीच्या खाचा काळ्याभोर आणि नेमका तेवढाच भाग झिजलेला. तबकडी आपोआप अशी झिजत नाही.

घाई होती, दुपारी दुसरं काम यायचं होतं. मी सॉफ्टवेअरला खरखर काढायला सांगितलं, आणि जरा जास्तच सांगितलं. पडद्यावरचा आलेख छान स्वच्छ झाला. बाईंच्या कानांवर हेडफोन दिले. अर्धा मिनिट ऐकून त्यांनी ते काढले आणि विचारलं, “हा कोण गातोय?”

मला वाटलं, चुकीची फाइल लावली. ऐकलं, तर फाइल तीच. गाणं जॉन्सनचंच, पण गळा दुसऱ्या कुणाचा तरी. या माणसाचा आवाज खडीवरून गाडा ओढल्यासारखा, आणि इथे कुणी सभ्य गृहस्थ प्रार्थना म्हणत होता.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. ‘काय काढलं’ तेवढंच ऐकता येतं. ते बटण दाबलं. टिक, खर्र, टिक, आणि त्या कचऱ्यात जॉन्सन. शब्द नीट कळत नव्हते, पण घसा खरवडत होता तो तोच. घशातली ती खरखर म्हणजे अगदी बारीक धक्क्यांची माळ असते. यंत्राच्या लेखी तो ओरखडाच. मी मिरजेचा, तंबोऱ्याच्या जवारीवर, म्हणजे तारांना गुंजती खर देणाऱ्या घोडीच्या घासणीवर, कारागीर किती वेळ घालवतात ते लहानपणापासून पाहिलेला. आणि मीच इथे जवारी खरवडून केरात टाकली होती.

बाईंची माफी मागितली, दुपारचं काम पुढे ढकललं आणि हाताने बसलो. ७८च्या वेगात एक फेरा पाऊण सेकंदाचा, म्हणजे चिरेची टिचकी मिनिटाला ७८ वेळा. तीन मिनिटांत दोनशेच्या वर. एकेक शोधायची, तेवढीच पुसायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. बाई बाजूला बसून विणकाम करत होत्या. मधूनच गुणगुणायच्या, नेमक्या माझ्या दोन ओळी पुढे.

करड्या पट्ट्यापाशी आलो तेव्हा सांगितलं, “मॅम, इथे आवाज फाटणार. खाच उरलेलीच नाही, मला काही करता यायचं नाही.”

“तिथेच आई सुई उचलून परत मागे ठेवायची,” त्या म्हणाल्या. “कपड्यांना इस्त्री करताना. आम्हा मुलांना वैताग यायचा.”

संध्याकाळी पुन्हा हेडफोन दिले. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत काढले नाहीत. फाटलेल्या जागी किंचित हसल्या.

दुसऱ्या बाजूचीही फाइल करून देऊ का, असं मी विचारलं. माझाच स्वार्थ होता त्यात. तबकडी अभ्र्यात गुंडाळत त्या म्हणाल्या, नको, त्यात शब्दच नाहीत, आईने ती कधी लावली नाही. आणि एका बाजूचे पैसे मोजून दिले.