रील्समधल्या 'लो कॅलरी' रेसिपी आणि माझा वजनकाटा : हप्ता चौथा

मंडळी, दीड महिना गायब होते त्याबद्दल सॉरी. रील्समधल्या रेसिपी घरी करून, काट्यावर मोजून त्यांचा कॅलरीचा दावा खरा का खोटा ते बघणं चालूच होतं, पण मधेच काट्याने दगा दिला आणि त्या नादात दोन आठवडे गेले. ते आधी सांगते कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा पण हाच घोळ होत असणार.

झालं असं की प्रोटीन पावडरवाली एक रेसिपी मोजत होते. काट्यावर रिकामा बाउल ठेवला, झिरो केला आणि पावडर अगदी हळूहळू, चमच्याला टिचकी मारत मारत टाकत बसले. काटा ० वर. अजून टाकली, अजून ०. मग एकदम ४. मला वाटलं सेल उतरला, बदलला, तरी तेच. शेवटी कॅलिब्रेशनचं २०० ग्रॅमचं वजन ठेवलं तर बरोब्बर २००. म्हणजे काटा ठणठणीत आहे, माझीच पद्धत चुकतेय. भानगड अशी आहे की बऱ्याच किचन काट्यांना झिरोच्या आसपासचा बारीक फरक म्हणजे आपणच जरा इकडेतिकडे सरकलोय असं वाटतं आणि ते गुपचूप परत झिरो धरतात. थेंबथेंब मध सोडला किंवा चिमूटचिमूट पावडर टाकली की काटा ती गिळून टाकतो. म्हणून आता उलटं करते, डबाच काट्यावर ठेवायचा, झिरो करायचा, चमचाभर काढून घ्यायचं आणि उणे किती दाखवतंय ते लिहायचं. उणे ३१ म्हणजे ३१ ग्रॅम बाहेर गेलं, विषय संपला. मध आणि पीनट बटरला तर हीच पद्धत बेस्ट, कारण चमच्याला चिकटलेलं पण हिशोबात येतं, आणि खरं सांगा, तो चमचा चाटल्याशिवाय धुवायला कोण टाकतं?

नवीन लोकांसाठी नियम पटकन सांगते. प्रत्येक रेसिपी दोनदा करते, एकदा लिहिलेल्या मापाने आणि एकदा व्हिडिओत हात जसा चालतो तशी, म्हणजे 'डोळ्याने'. कॅलरीचे आकडे अमेरिकेच्या शेती खात्याच्या फूडडेटा सेंट्रल डेटाबेसमधून घेते, पाकीट असेल तर त्यावरचे. दाव्यापासून १५ टक्क्यांच्या आत आलं की पास. त्याहून कडक राहण्यात अर्थ नाही, कारण लेबलं तरी कुठे एवढी काटेकोर असतात, अमेरिकेत तर मोजलेल्या कॅलरी छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी नियमाने चालतं.

तर यावेळचा मुख्य आरोपी, बेक्ड ओट्स. दावा ३२० कॅलरी, 'केक खा आणि वजन उतरवा' टाइप. अर्धा कप ओट्स, एक केळं, एक अंडं, बेकिंग पावडर, एक टेबलस्पून पीनट बटर, वरून 'थोडे' चॉकलेट चिप्स. लिहिलेल्या मापाने ओट्स ४० ग्रॅम म्हणजे १५२, सोललेलं केळं ११८ ग्रॅम म्हणजे १०५, अंडं ७२, सपाट टेबलस्पून पीनट बटर १६ ग्रॅम म्हणजे ९४, आणि 'थोडे' म्हणजे मी कंजूषपणे १० ग्रॅम चिप्स धरले, ५०. टोटल ४७३. नापास, पण हे तर कागदावरचं झालं.

मग डोळ्याने. व्हिडिओ पॉझ करून करून बघितला. तो अर्धा कप सपाट नाहीये, वर चांगला डोंगर आहे, तसा भरला तर ५४ ग्रॅम आले. आणि पीनट बटरचा तो चमचा! बरणीत तिरका घालून वर उचलतात ना, खाली पण एक गोळा लोंबत असतो, त्याला 'एक टेबलस्पून' म्हणतात. मी तीनदा तसा काढून बघितला, उणे २७, उणे ३४, उणे ३१. मधला धरला तरी १८३ कॅलरी, म्हणजे सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट. चिप्स मुठीतून पडतात तसे टाकले, २२ ग्रॅम, ११०. सगळं मिळून ६७५. ३२० च्या दुप्पटीपेक्षा जास्त.

आता मला प्रश्न पडला की मुळात ३२० आलेच कुठून, कारण कोणी हवेतून आकडा काढत असेल असं मला अजूनही वाटत नाही. बसले जोड्या लावत. ओट्स, अंडं आणि सपाट पीनट बटर, १५२ अधिक ७२ अधिक ९४, बरोबर ३१८! म्हणजे माझा अंदाज असा की केळं आणि चिप्स धरलेच नाहीत. केळं म्हणजे 'नॅचरल गोडवा', त्याला कशाला मोजायचं, आणि चिप्स म्हणजे सजावट. बेरीज चोख आहे हो, फक्त अर्धी रेसिपी बेरजेच्या बाहेर बसलीये.

चव? भारी लागतं. ६७५ कॅलरीचा केक भारीच लागणार.

दुसरी, खजुराच्या एनर्जी बॉल्सची. हिच्यात तर मी आधी तोंडावर पडले. दावा होता एक बॉल ९० कॅलरी. बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम (५५४), ओट्स ८० (३०४), पीनट बटर १०० (५९०), बदाम ५० (२९०), कोको पावडर १५ (३४). टोटल १७७२. लिहिलंय की २० बॉल होतात, भागिले २० म्हणजे ८८.६. बरोबर की! मी वहीत मोठ्ठं 'पास' लिहिलं, मिश्रण मळलं, व्हिडिओत दिसतात त्या आकाराचे वळायला घेतले आणि बारावा वळला तेव्हा बाउल रिकामा.

परत बघितलं. व्हिडिओत बॉलच्या शेजारी एक टेबलस्पून पडलाय, त्याच्या पात्यात तो बॉल मावतच नाही. माझे बारा बॉल ३७ ग्रॅमचे, २० करायचे तर प्रत्येकी २२ ग्रॅमचे वळावे लागतील आणि ते दिसतात अगदीच केविलवाणे, त्यांचा फोटो कोण काढणार. म्हणजे बेरीज खरी, साहित्य खरं, इथे पाणी मुरतंय ते भागाकारात. फोटोतला बॉल १४८ चा. तेव्हापासून नियम केलाय की 'किती होतात' यावर विश्वास ठेवायचा नाही, अख्ख्या घाण्याचं वजन करायचं, १०० ग्रॅमला किती ते काढायचं (इथे साधारण ३९८) आणि पुढे आपला तुकडा काट्यावर ठेवायचा.

तिसरी, एअर फ्रायरमधले बटाट्याचे काप, 'झिरो कॅलरी' स्प्रे मारून, दावा २३०. ३०० ग्रॅम कच्चा बटाटा म्हणजे २३१, सो बटाटा चोख मोजलाय आणि तेल खरोखरच शून्य धरलंय. त्या डब्यात काय असतं? तेलच असतं. अमेरिकेच्या लेबल नियमात एका सर्व्हिंगला ५ कॅलरीपेक्षा कमी असेल तर ० लिहायची मुभा आहे, आणि अशा डब्यांवर सर्व्हिंग असतं पाव सेकंद स्प्रे. पाव सेकंद कधी दाबून बघा, बोट खाली जाऊन वर येईपर्यंत संपतो. व्हिडिओत तीन वेळा मिळून आठेक सेकंद फवारणी चालू होती, मी तेवढीच केली आणि आधी-नंतर डबा काट्यावर ठेवला, ८ ग्रॅम कमी. त्यात थोडा गॅस पण उडाला असणार म्हणून मी साठेक कॅलरी धरल्या. टोटल २९०, नापास. तरीपण खरं बोलायचं तर एक टेबलस्पून तेल ओतलं असतं तर ११९ झाले असते, म्हणजे स्प्रेने निम्मे वाचलेच. शून्य नाही एवढंच.

चौथीला मी मुद्दाम नापास करायला बसले होते, कॉटेज चीज आणि अंड्यांचा तो चपटा रॅप, दावा ३३०. लो फॅट कॉटेज चीज २२६ ग्रॅम म्हणजे १९०, दोन अंडी १४४, टोटल ३३४. पास! फुल फॅट घेतलं तरी ३६५, तरीही पास. इथे चमचा, मूठ, सजावट काहीच नाही, दोनच वस्तू आणि दोन्ही मोजून येतात, चुकायला वावच नाही. माझा पहिला रॅप ट्रेच्या कागदाला एवढा चिकटला की ४१ ग्रॅम कागदावरच राहिला, तो मी खरवडून खाल्ला, त्यामुळे आकडा तोच राहतो.

चिया पुडिंगवर मागच्या वेळी आपल्यात बरीच खडाजंगी झाली होती की फायबरच्या कॅलरी धरायच्या का नाही, म्हणून यावेळी तीन पद्धतीने काढलं. तीन टेबलस्पून चिया म्हणजे ३६ ग्रॅम. ॲटवॉटरचे ते प्रसिद्ध ४-९-४ लावले (विल्बर ॲटवॉटर हा अमेरिकन केमिस्ट, १९ व्या शतकाच्या शेवटी त्याने आणि त्याच्या टीमने हे गणित बसवलं, एका ग्रॅमला प्रोटीनच्या ४ कॅलरी, फॅटच्या ९, कार्बच्या ४) तर १८४ येतात. युरोपच्या लेबल नियमाप्रमाणे फायबरला ४ ऐवजी २ धरले तर १५९. डेटाबेसचा आकडा धरला तर १७५. म्हणजे सगळी भांडाभांडी २५ कॅलरीची. सगळ्यात कमी आकडा घेतला तरी बिनसाखरेचं आमंड मिल्क एक कप ३७ आणि मध एक टेबलस्पून ६४ मिळून २६० होतात आणि दावा आहे १८० चा. तेव्हा फायबरवरून डोकी फोडायच्या आधी मधाची बरणी काट्यावर ठेवा.

आता कबुली. मागच्या हप्त्यात मी एका पास्ता रेसिपीला खोटारडी म्हणलं होतं, आठवतंय? २८० कॅलरीचा पास्ता म्हणतात आणि माझे ६२३ आले म्हणून मी तीन परिच्छेद भाषण ठोकलं होतं. ते सगळं मागे घेते. मी शिजलेला पास्ता मोजला, १६८ ग्रॅम, आणि त्याला आकडा लावला कोरड्या पास्त्याचा, १०० ग्रॅमला ३७१ वाला. शिजलेल्याचा साधारण १५८ असतो. रेसिपीत ७५ ग्रॅम कोरडा होता, त्याचे २७८, म्हणजे दावा अगदी बरोबर. हे पकडलं कोणी, तर ताईने, जिला या सगळ्याचा काडीचाही इंटरेस्ट नाही. ती माझी शीट बघून म्हणाली, "अगं, पाण्याला कॅलरी कधीपासून आल्या?" झालं, मी गप्प. ॲपमध्ये नोंदवताना याच्या उलटं पण होतं बरं का, कोरडा ७५ ग्रॅम मोजायचा आणि 'कुक्ड' वाली एंट्री निवडायची की ११८ कॅलरीत ताटभर पास्ता. आता माझ्या शीटमध्ये प्रत्येक ओळीला 'कच्चं का शिजलेलं' असा वेगळा कॉलम आहे आणि तो भरल्याशिवाय बेरीज दिसतच नाही असं करून टाकलंय.

आणि ज्यांना वाटतं की काटा आणि डेटाबेस म्हणजे अंतिम सत्य, त्यांच्यासाठी बदाम. २०१२ साली अमेरिकेच्या शेती खात्याच्याच संशोधकांनी माणसांना बदाम खायला घालून मोजलं की शरीराला त्यातलं खरंच मिळतं किती. २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून १२९ कॅलरी मिळाल्या आणि ॲटवॉटरच्या गणिताने १७० च्या आसपास येतात. बदामाच्या पेशींच्या भिंती नीट फुटत नाहीत, आतलं थोडं फॅट न पचताच बाहेर जातं. पण तेच बदाम वाटून बटर केलं की भिंती फुटतात आणि आकडा जवळजवळ गणिताएवढाच येतो. म्हणून एनर्जी बॉल्समध्ये मी बदामांना पूर्ण २९० धरलेत, फूड प्रोसेसरमधून काढले होते. अख्खे घातले असते तर कमी धरले असते का? धरले नसते, कारण कोण किती चावतं हे माझ्या काट्याला दिसत नाही.

सध्या फ्रीझरमध्ये पुढची रेसिपी आहे, कॉटेज चीजचं आइस्क्रीम, दावा अख्ख्या डब्याला ४००. डब्यात भरलं तेव्हा निव्वळ वजन ६१२ ग्रॅम होतं. आज सकाळी बघितलं तर ५८४. ताई म्हणते तिने हातही लावला नाही. शीटमध्ये 'ताई, उणे २८' अशी एंट्री करून ठेवलीये.