गेजवरचा काटा

२०२१ च्या मे महिन्याचा पहिला आठवडा, कोरोनाची दुसरी लाट. रात्री साडेदहाला आतेभावाचा फोन आला, "दादा, आईचा ऑक्सिजन ८२ दाखवतंय. दम लागतोय. काय करू?"

आत्या दिलेली चंदगड तालुक्यात, पाटणे फाट्याच्या आतल्या गावात. जिल्हा कोल्हापूर, पण कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. दुखलं-खुपलं, सोनं घ्यायचं, लग्नाचा बस्ता काढायचा तर सगळा तालुका बेळगावात उतरतो. त्यामुळे तिला कुठे न्यायचं हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता मधल्या नाक्याचा. महाराष्ट्रातून कर्नाटकात यायचं तर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट लागत होता, आणि आत्या दोन दिवसांपूर्वीच पॉझिटिव्ह आलेली. पॉझिटिव्ह माणसानं निगेटिव्ह रिपोर्ट आणायचा कुठून?

आम्ही बेळगावकर तेव्हा मनातून मोडलोच होतो. १७ एप्रिलला लोकसभेची पोटनिवडणूक झाली, त्याआधी सभा, मिरवणुका, खांद्याला खांदा लावून घोषणा. मीही होतो त्यात, खोटं कशाला बोलू. नंतर दहा-बारा दिवसांत गल्लीतल्या घराघरात कण्हणं सुरू झालं. पहिल्या लाटेत घरातला एक आजारी पडायचा, बाकीचे त्याला ताट सरकवायचे. या वेळी सगळं घर एकदम आडवं. पेपरात या विषाणूसाठी 'डबल म्युटंट' असा शब्द यायचा. डेल्टा हे नाव ३१ मे ला ठेवलं, तोवर आमचं काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. २७ एप्रिलच्या रात्रीपासून सगळं बंद, सकाळी सहा ते दहा तेवढी भाजी-किराण्याची मुभा. आमच्या वडगावात विणकरांच्या मागांची खडखड थांबली की किती शांत होतं ते तेव्हा कळलं. त्या शांततेत लांबून सायरन यायचा आणि तो आपल्याच गल्लीत वळतो की काय म्हणून आम्ही कान देऊन बसायचो. त्यात चामराजनगरच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन कमी पडून २४ जण गेल्याची बातमी. त्या दिवसापासून ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच शब्द, सिलिंडर.

आतेभाऊ काजू वाहायच्या ओमनीत आत्याला मागं झोपवून निघाला. नाक्यावर पोलिसानं टॉर्च मारला, रिपोर्ट मागितला. यानं पॉझिटिव्हची चिठ्ठीच पुढे केली. पोलीस दोन पावलं मागं सरकला आणि हातानंच 'जा जा' म्हणाला. एवढ्या झटक्यात बॅरिकेड कधी उघडलं नसेल.

मी हिंडलग्याजवळ रस्त्यात गाठलं. ऑक्सिमीटर लावला, ८१. माझ्या पोटात गोळाच आला. मग टॉर्चच्या उजेडात तिची बोटं दिसली. काजूचा हंगाम, महिनाभर बिया फोडून टरफलाच्या चिकानं अंगठा आणि पहिली दोन बोटं काळी ठिक्कर, कातडी सोललेली, नखांच्या कडेला डांबर बसावं तसं. त्या यंत्राचा लाल प्रकाश बोटातून आरपार जावा लागतो, या बोटातून काय जाणार? डाव्या हाताची करंगळी तेवढी स्वच्छ होती. तिला चिमटा लावला, मिनिटभर थांबलो. ९०. नव्वद म्हणजे काही बरं नव्हे, ९४ च्या खाली गेलं की दवाखाना गाठा म्हणत होते. पण ८१ आणि ९० मध्ये माझ्या हातांची थरथर थांबण्याइतका फरक होता. "मरूलालो असं तोंड करू नको," आत्या म्हणाली. माहेरची बोली काही सुटली नाही तिची.

पहिल्या दवाखान्याच्या फाटकावर वॉचमन, "बेड इल्लरी," म्हणजे बेड नाही. दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलानं विचारलं, एसआरएफ नंबर, म्हणजे टेस्टचा नोंदणी नंबर काय? आमच्याजवळ महाराष्ट्रातली मराठी चिठ्ठी, शिक्का, सही, पण तो मागत होता तो नंबर नाही. "इथे परत टेस्ट करा, रिपोर्ट तीन दिवसांनी." मी भांडलो. तो माझ्याहून दमलेला होता, पीपीई किटच्या आत घामानं भिजलेला. भांडण सोडून दिलं. चौथ्या ठिकाणी बाहेरच्या कट्ट्यावर लोक सलाईन लावून बसले होते, तिथे विचारलंच नाही.

पहाटे एका छोट्या नर्सिंग होममध्ये डॉक्टर स्वतः खाली आले. ओमनीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "खाट आहे. ऑक्सिजन तुम्ही आणा."

आता इथे माझा धंदा कामाला आला. मी उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये. गॅस कटिंगला लागणारे ऑक्सिजनचे जंबो, म्हणजे मोठे सिलिंडर, आयुष्यभर मीच ढकलत आलोय. २२ एप्रिलपासून केंद्रानं बहुतेक कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केलेला, त्यामुळे आमचे दोन जंबो रिकामेच कोपऱ्यात उभे होते. पण कारखान्याचा सिलिंडर तसाच पेशंटला लावत नाहीत. आतून साफ करावा लागतो, व्हॉल्व्ह बघावा लागतो. कारखान्याचा अख्खा काळा असतो, दवाखान्याच्या सिलिंडरचा गळा पांढरा. मालकांना फोन केला, ते म्हणाले, "किल्ली कुठे असते तुला माहीत आहे, विचारतोस काय?"

सप्लायरच्या दारात उजाडायच्या आतच रांग होती. त्याच्याकडे ऑक्सिजनपेक्षा रिकाम्या सिलिंडरांचीच टंचाई होती. ज्याच्या हातात रिकामा, त्यालाच भरलेला. नुसते पैसे घेऊन आलेली माणसं तशीच परत जात होती, एक जण तर अंगठी काढून दाखवत होता. मी दोन रिकामे दिले, दोन पांढऱ्या गळ्याचे घेतले, एक जंबो आणि एक छोटा.

जंबोत साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला ५ लिटरनं सोडला तर २३ तास, दहानं सोडला तर बारासुद्धा नाही. हा हिशेब मी बिलबुकाच्या पाठीमागे त्या रात्रीत चार वेळा केला. डॉक्टरांनी आत्याला पालथं झोपवलं, छातीखाली उशी देऊन. तासाभरात ९३. मग आठावरचा फ्लो पाचावर आणला आणि मी पुन्हा हिशेब केला.

रेमडेसिव्हिरसाठी पळालो तो दीड दिवस सांगण्यासारखा नाही. मिळालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या नोव्हेंबरातच ते देऊ नका असं सुचवलं होतं हे मला आत्या घरी गेल्यावर कळलं. तोवर मी स्वतःला अपराधी समजत होतो.

तिसऱ्या दिवशी नर्सिंग होमला त्यांचा स्वतःचा साठा आला. अकराव्या दिवशी आत्या ओमनीत बसून परत गेली, पुढच्या सीटवर.

राहिला छोटा सिलिंडर. तो मी नेलाच नव्हता दवाखान्यात. जंबो अर्ध्या रात्री संपला तर, म्हणून घरी ठेवला होता, पलंगाखाली, गोधडीत गुंडाळून. साठा आल्यावर परत द्यायला हवा होता. पण त्याच दिवशी बायको दोनदा खोकली. मग पोराचं अंग कोमट लागलं. मग शेजारी एक जण गेला. रोज सकाळी ठरवायचो आज देऊन टाकू, आणि रात्री सायरन ऐकला की गोधडीवरून हात फिरवून बघायचो. फोनवर कुणी "कुठे सिलिंडर मिळेल का" विचारलं तर सप्लायरचा नंबर द्यायचो. माझ्या पलंगाखाली आहे असं एकालाही सांगितलं नाही. पाच लिटरनं सोडला तर जेमतेम पाच तासांचा माल, पण मला त्याच्यावर झोप लागायची.

बारा दिवसांनी बायकोच म्हणाली, "आता कुणासाठी ठेवूलायसा?"

स्कूटरवर पायापाशी उभा धरून नेला. सप्लायरनं रेग्युलेटर लावून चावी फिरवली. काटा दीडशेवर गेला, जसा दिला होता तसाच. त्यानं गेजकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलला नाही. रांगेतल्या पहिल्या माणसाला हाक मारली. पोऱ्यानं सिलिंडर उचलून त्याच्या रिक्षात आडवा घातला, आणि मी अनामतीची पावती न मागता स्कूटरला किक मारली.