कुरकुरीची वही : आमची वाटचाल

गोव्यातल्या फोंड्यात आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस आहे. काजूबियांचे व्यापारी, नारळ-सुपारीचे दुकानदार, काही पतसंस्था आणि देवस्थानं ही आमची गिऱ्हाइकं. लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पणजी-पर्वरी सोडून फोंड्यात का? आणि पुण्या-बेंगळुरूला सहज नोकरी मिळेल अशी मुलं तुमच्याकडे टिकतात कशी? पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे: गिऱ्हाईक इथे आहे. दुसऱ्याला थोडं सविस्तर सांगावं लागतं. ज्या अवजारावर माणूस दिवसभर काम करतो, त्याबद्दल त्याचंच म्हणणं आमच्याकडे शेवटचं मानलं जातं. त्याची कुरकुर आम्ही एका वहीत लिहून ठेवतो आणि तिच्यावर काम करतो.

सुरुवात खनिजाच्या ट्रकांपासून झाली. डिचोली-सांग्याच्या बाजूच्या ट्रकमालकांसाठी आम्ही फेऱ्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम बनवला होता. फेऱ्या, टन, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ते काम तिथेच थांबलं. ट्रकवाल्यांच्या डोक्यावर बँकांचे हप्ते होते, त्यामुळे थकलेल्या बिलांसाठी आम्ही कुणाच्या दारात गेलो नाही. त्यांच्यातलाच एकजण सत्तरी तालुक्यात काजूबिया विकत घेऊ लागला आणि त्यानं आम्हाला बोलावलं. काजूच्या धंद्यात आम्ही आलो ते असे.

वहीची सुरुवात पावतीवरून झाली. बिया विकायला आलेल्या माणसाला हातात मराठी पावती द्यायची, एवढंच काम. पण वजनकाट्याशेजारी ठेवायचा स्वस्त थर्मल प्रिंटर देवनागरी जाणत नाही. ५८ मिलिमीटरच्या कागदावर त्याला एका ओळीत ३८४ ठिपके कळतात, बाकी काही नाही. म्हणून प्रत्येक पावती चित्रासारखी रंगवून पाठवावी लागते. त्यात नाव लांब असलं की कापायचं. लक्ष्मीकांत हे नाव डोळ्याला चार अक्षरांचं दिसतं, पण युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीनं साठवतो तिच्या, हिशेबात ते अकरा खुणांचं आहे. तीन खुणा मोजून कापलं तर 'लक्' एवढंच उरतं आणि पुढे लोंबता हलंत. आमच्याकडच्या सावईवेऱ्याच्या प्रोग्रामर बाईंनी जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर ठळक लिहिलं: 'माणसाचं नाव मोडू नका. ज्यानं बिया वेचल्या त्याचं ते नाव आहे.' मला ते मनापासून पटलं. त्यांनी जोडाक्षर न फोडता नाव कापणारा भाग स्वतः लिहिला. जोडाक्षर सलग धरायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. आमच्या पावत्यांवर नावं त्याच्या कितीतरी आधीपासून धड छापली जात होती. तेव्हापासून ते मागचं पान वाढत गेलं आणि त्याची वेगळी वही झाली.

वहीतली बरीच पानं रोजच्या अवजारांची आहेत. एडिटरवरून, म्हणजे ज्यात कोड लिहायचा त्या प्रोग्रामवरून, आमच्याकडे भांडण होत नाही. एकजण विमवर काम करतो, जो १९९१ पासून चालत आलाय. बाकीचे व्हीएस कोडवर. मी कुणालाच सक्ती केलेली नाही, कारण बोटांना बसलेली सवय मोडून एकसारखेपणा आणण्यात काहीच मिळत नाही. फाइल सेव्ह करताना मांडणी मशीन करेल, एवढाच नियम. कोडमधला प्रत्येक बदल टिपून ठेवणारं गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, लिहिलं. त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही, पण त्याचे संदेश ज्याला आधीच कळतंय त्याच्यासाठीच लिहिलेत, ही नव्या मुलांची तक्रार रास्त आहे. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेल्या एका मुलीनं त्यावर भिंतीवर मराठीत कागद लावला: 'डिटॅच्ड हेड दिसलं तर घाबरू नका. आधी नवी ब्रँच काढा, मग काय बिघडलंय ते बघा.' (डिटॅच्ड हेड म्हणजे आपण कुठल्याच ब्रँचवर, कामाच्या फांदीवर, नसणं.) नवीन माणूस आला की आधी तो कागद वाचतो.

सगळ्यात जास्त नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत: चालतं अवजार न विचारता बदलणं. काल जिथे बटण होतं तिथे आज नाही. काल नेटशिवाय उघडत होतं, आज लॉगिन मागतं. सत्तरीत पावसाळ्यात नेट कधी जाईल त्याचा भरवसा नसतो, त्यामुळे ही कुरकुर आमच्यासाठी धंद्याचा प्रश्न आहे. म्हणून गिऱ्हाइकाचा सगळा डेटा आम्ही एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवतो. एक फाइल, सर्व्हर नाही, नेट नको, आणि २०५० पर्यंत ते सांभाळायचा त्याच्या कर्त्यांचा जाहीर इरादा आहे. बाहेरचं पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, घेतानाही आधी त्यातला कोड वाचायचा. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरचे प्रोजेक्ट अडले. अकरा ओळी आपल्या आपण लिहाव्यात, असं आमच्या वहीत त्याच सुमाराला लिहिलं गेलं आणि आजही आम्ही ते पाळतो.

आता बोलून चालवायच्या व्हॉइस असिस्टंटबद्दल. २०११ मध्ये आयफोनवर सिरी आली, २०१४ मध्ये अ‍ॅलेक्सा, आणि थोड्याच वर्षांत गिऱ्हाइकं विचारू लागली: आम्ही बोलायचं आणि नोंद व्हायची, असं होईल का? ऑफिसातला एकूण एक प्रोग्रामर विरोधात होता. त्यांची कारणं मी अजून जपून ठेवली आहेत. मेनू समोर असला की काय काय करता येतं ते दिसतं, आवाजाच्या यंत्राला काय समजतं ते दिसतच नाही, माणूस चाचपडत राहतो. नीट ऐकलं की नाही ते काम झाल्याशिवाय कळत नाही. सतत कान लावून बसलेलं यंत्र दुकानात कुणाला आवडेल? आणि घरातल्या अशा यंत्रांना वाळपई, म्हार्दोळ ही नावं सांगून प्रत्येकजण दमलेला.

दुसऱ्या बाजूला सत्तरीतला आमचा तो व्यापारी होता. मार्च ते मे त्याच्या काट्यापुढे रांग असते. तो म्हणाला, "एका हातांत पोतें, दुसऱ्या हातांत पेन. मागीर बटणां कोण दामतलो?" (मग बटणं कोण दाबणार?) यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा विरोधाचीच यादी समोर ठेवून काम सुरू केलं. कान सतत उघडा नको, म्हणून पायानं दाबायचा स्विच लावला. पाय खाली असेल तेवढाच वेळ माइक चालू. जिथे इलेक्ट्रॉनिक काट्याला सिरियल पोर्ट आहे तिथे वजन वायरीनं थेट येतं, बोलायची गरजच नाही. पण वाड्यावाड्यांवर अजून जुने काटे आहेत, तिथे आकडा बोलावाच लागतो. खरी मेहनत आकड्यांवर झाली. आवाज ओळखणारं यंत्र एकोणतीसचं एकतीस करतं, एकोणपन्नासचं एकावन्न करतं. दोन किलोंचा फरक म्हणजे गरिबाचे पैसे. म्हणून ऐकलेला आकडा प्रोग्राम मोठ्यानं परत सांगतो आणि अंक सुटे करून सांगतो: दोन, नऊ. समोरचा विक्रेताही ते ऐकतो, ही त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

मग साडे, सव्वा, पावणे. साडेतीन म्हणजे ३.५, साडेतीनशे म्हणजे ३५०. सव्वाशे १२५, पाऊणशे ७५, पावणेदोनशे १७५. यंत्र यातलं कधी अंकात लिहून देतं, कधी अक्षरात, कधी 'साडे' आणि 'तीन' तोडून. व्हॉइसच्या सगळ्यात जास्त विरोधात जी मुलगी होती तिनंच हा भाग अंगावर घेतला आणि आमच्या बाजारात बोलले जाणारे सगळे प्रकार त्यात बसवले. तिला यंत्राचा भरवसा नव्हता, म्हणून तिची तपासणी कडक झाली. आवाज ओळखणाऱ्या मॉडेलांना आणखी एक खोड असते. कुणी बोलत नसताना, नुसता पंखा फिरत असताना, ती कुणीही न बोललेलं आख्खं वाक्य लिहून मोकळी होतात. त्यावर तिचा तोडगा असा: विक्रेत्यांच्या यादीतलं नाव आणि आकडा याखेरीज काहीही आलं तर नोंद करायचीच नाही.

भाषेचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. काट्यावरची माणसं कोंकणी बोलतात, आकडे मराठी वळणाचे येतात, मध्येच पोर्तुगीज शब्द. गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ मध्ये आलं. २०२२ मध्ये खुलं झालेलं व्हिस्पर हे आवाज ओळखणारं मॉडेल मराठी जाणतं, पण त्याच्या भाषांच्या यादीत कोंकणी नाही. १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत असलेली भाषा. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटानं अनुसूचीतल्या बावीसही भाषांसाठी मॉडेलं खुली केली आहेत आणि त्यात कोंकणी आहे. आमचं सध्याचं काम त्यावर चालू आहे.

कोड लिहून देणाऱ्या एआयबद्दल ऑफिसात दोन तट आहेत. तरुणांचा वेळ वाचतो, जुन्यांना तो कोड वाचण्यात जास्त वेळ जातो. माझं मत जुन्यांकडे झुकतं. नियम एवढाच ठेवलाय की ओळ कुणीही लिहिलेली असो, ती का आहे हे ज्याला शेजाऱ्याला सांगता येईल त्यानंच ती जमा करायची, आणि गिऱ्हाइकाचा एकही खरा आकडा त्या यंत्राला दाखवायचा नाही.

येत्या हंगामाआधी पेडणे आणि सत्तरीतल्या बायकांच्या आवाजातले आकडे त्यांच्या परवानगीनं गोळा करायचे आहेत. आजवरचे नमुने बहुतेक पुरुषांचे आहेत आणि बिया घेऊन येणाऱ्यांत बायकाच जास्त. या कामाला कोंकणी बोलणारा आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा एक माणूस आम्हाला हवा आहे. अनुभव नसला तरी चालेल. भेटायला येताना तुम्ही रोज वापरता त्या एखाद्या अवजाराबद्दलची तक्रार कागदावर लिहून आणा. मुलाखत त्यावरच होईल.