ट्रेडमिलचा पट्टा एकाच बाजूला का सरकत होता

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे आणि घरी जाऊन व्यायाम शिकवण्याची कामंही घेते. एका घरून बोलावणं आलं ते मशीनसाठी. तेरा वर्षांचा मुलगा, आठवीत, उंची 162 सेंटिमीटर, वजन 78 किलो. म्हणजे बी.एम.आय. 29.7. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या 2015 च्या वाढतक्त्यात हा आकडा स्थूलतेच्या रेषेच्या बराच वर पडतो. वडिलांनी ट्रेडमिल, एक्सरसाइज सायकल आणि 20 किलोचा डंबेल सेट असं सगळं एकदम घेतलं होतं. तीन आठवडे रोज 40 मिनिटं ट्रेडमिल चालू होती. "मॅडम, वजन हलत नाही आणि हा रोज गुडघ्याचं कारण काढतो. तुम्ही एकदा मशीनं नीट लावून द्या," असं आई फोनवर म्हणाली.

मुलांसाठी घरी आणलेली बहुतेक मशीनं मोठ्यांच्या मापाची असतात, त्यामुळे पहिला अर्धा तास मी मशीनलाच देते. ट्रेडमिलची मागची बाजू भिंतीपासून जेमतेम फूटभर होती. तोल गेला तर चालता पट्टा माणसाला मागे फेकतो आणि भिंत जवळ असली की तो पट्टा आणि भिंत यांच्यात अडकतो. मागे दोन मीटर मोकळी जागा हवीच. मशीन फिरवून घेतलं. सेफ्टी कीची दोरी मशीनच्याच दांड्याला गुंडाळून ठेवली होती. ती क्लिप टी-शर्टला लावायची असते, म्हणजे पाय घसरला तर सेफ्टी की निघते आणि पट्टा थांबतो. घरात चार वर्षांची धाकटी बहीण होती, म्हणून व्यायाम संपल्यावर सेफ्टी की काढून कपाटात ठेवायची हेही सांगितलं. मागच्या रोलरमध्ये लहान मुलांची बोटं जातात.

पट्ट्याखाली शिलाई मशीनचं तेल घातलेलं होतं. ही चूक मला दर तिसऱ्या घरात दिसते. तिथे फक्त सिलिकॉन ऑइल चालतं. दुसऱ्या तेलाने पट्ट्याची खालची बाजू खराब होते, घर्षण वाढतं आणि मोटर तापते. पट्टा पुसून घेतला, मधोमध उचलून ताण पाहिला. कडेखाली दोन-तीन बोटं जातील इतका सैल, म्हणजे ठीक.

मग वडील म्हणाले, पट्टा सारखा एकाच बाजूला सरकतो. कंपनीचा माणूस दोनदा येऊन सरळ करून गेला, तरी चार दिवसांत पुन्हा तेच. त्याचा उपाय सोपा आहे. पट्टा ज्या बाजूला सरकतो त्या बाजूचा मागचा बोल्ट एलन कीने (षटकोनी चावीने) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा, मशीन कमी वेगावर दोन मिनिटं रिकामं चालवायचं, गरज पडली तर पुन्हा पाव फेरा. एकदम जास्त फिरवलं तर पट्टा दुसऱ्या कडेला जाऊन फाटतो. मी ते केलं. रिकामा पट्टा सरळ चालला. वडील चढले, तरी सरळ. मुलगा चढला आणि मिनिटभरात पट्टा पुन्हा त्याच बाजूला निघाला.

माणूस एका पायावर जास्त जोर देत असेल तर पट्टा सरकतो हे मला माहीत आहे. मशीनच्या माहितीपुस्तिकेतही ते लिहिलेलं असतं. तरीही मी त्याला "दोन्ही पाय सारखे टाक" एवढंच सांगितलं आणि अजून पाव फेरा फिरवला. हे लिहायला बसले ते या पाव फेऱ्यामुळे.

त्यानंतर सायकल. सीटची उंची ठरवायची रीत अशी: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची आणि पॅडल सगळ्यात खाली आणायचं. तेव्हा गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक राहतो. मुलांच्या बाबतीत अनेकदा सीट सगळ्यात खालच्या भोकात घालूनही उंचच राहते आणि कंबर डावी-उजवी डुलते. इथे उलट होतं. सीट फार खाली होती, आजोबांनी स्वतःसाठी ठेवलेली. पिन काढून दोन भोकं वर घेतली, रेझिस्टन्सचा नॉब शून्यावर आणला, मुलाला बसवलं आणि समोर खाली बसून गुडघे पाहू लागले.

डावा गुडघा सरळ रेषेत वर-खाली होत होता. उजवा गुडघा पॅडल वर आलं की प्रत्येक वेळी बाहेर फेकला जायचा. मी म्हटलं, "गुडघा हँडलच्या दिशेने ठेव." त्याने प्रयत्न केला आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. "ताई, तो तसा जातच नाही."

मी त्याला पलंगावर निजवलं. गुडघ्याला सूज नव्हती, वाटीभोवती दाबून दुखत नव्हतं, गुडघा पूर्ण वाकत होता, पूर्ण सरळ होत होता. महिन्याभरापूर्वी काढलेला गुडघ्याचा एक्स-रे घरात होता, तोही चांगला. त्यावर मलम आणि नी-कॅप मिळाली होती. मग मी मांडी हळूच पोटाकडे आणली. पाय सरळ वर येईना, वाकता वाकता आपोआप बाहेर वळला. दुसरा पाय सरळ येत होता. आत वळवायला गेले तर उजवा खुबा जवळजवळ वळतच नव्हता. तिथे मी हात थांबवला. अशा वेळी जोर लावून तपासायचं नसतं.

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा असतो आणि वाढत्या वयात त्या माथ्याच्या खाली वाढीची चकती असते, म्हणजे ग्रोथ प्लेट. साधारण दहा ते सोळा या वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये, ती चकती भाराखाली सुटू लागते आणि माथा हाडाच्या मानेवरून, म्हणजे त्याच्या खालच्या निमुळत्या भागावरून, सरकतो. डॉक्टर याला स्लिप्ड कॅपिटल फिमोरल एपिफिसिस म्हणतात. फसवणारी गोष्ट ही की दुखणं बरेचदा खुब्यात जाणवतच नाही. खुब्याला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला एकच नस (मज्जातंतू) पुरते, म्हणून मूल गुडघ्यावर हात ठेवतं. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो आणि मुलाला कामचुकार ठरवलं जातं. या मुलाचं हेच झालं होतं. लठ्ठ मुलाच्या दुखण्यावर लोकांचा विश्वासच नसतो, आणि यात घरचे, शाळेतले, आमच्या व्यवसायातले सगळे आले.

आजोबा दारात उभे होते. "मी रोज पन्नास बैठका काढायला लावतो. चुकलं का माझं?" त्यांना एवढंच म्हटलं, आजोबा, आता एकही नाही, आणि त्याला उभंही करायचं नाही. तो चालू शकत होता, म्हणजे सांधा अजून स्थिर होता, पण एखादा झटका बसला तर माथा पूर्ण सरकतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अभ्यासाच्या टेबलाची चाकांची खुर्ची आणली, तीवरून लिफ्ट आणि गाडी. चिठ्ठीत लिहिलं: दोन्ही खुब्यांचे एक्स-रे, समोरून आणि बाजूने, आजच, पायावर भार देऊ नये. दोन्ही खुबे अशासाठी की काही मुलांत दुसरी बाजूही सरकते, आणि बाजूने अशासाठी की सुरुवातीचं सरकणं समोरच्या फोटोत निसटतं.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. उजवा माथा सरकलेला होता. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. माथा आहे त्या जागी एका स्क्रूने बसवला.

पुढचा भाग मला आवडीचा आहे. सहा आठवडे कुबड्या, पण पहिल्या महिन्यातच सर्जनना विचारून बसून वरच्या अंगाचे व्यायाम सुरू केले. डंबेल सेटमधली सगळ्यात लहान प्लेट दोन किलोची. दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक लावली की एकदम चार किलो वाढतात. नवख्या मुलाला हा टप्पा झेपत नाही, मग तो कंबर मागे झुकवून वजन फेकतो. म्हणून आम्ही पाण्याच्या बाटल्या घेतल्या. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, आणि वाढ शंभर-शंभर मिलिलिटरची. बारा वेळा नीट जमलं की पंधरापर्यंत जायचं. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी पंधरा जमले तरच पाणी वाढवायचं. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. ओढण्याच्या व्यायामाला रबरी बँड दाराला बांधला, पण कडीला नाही. कडीच्या बाजूने दार कोणीही उघडतं. बिजागरीच्या बाजूच्या फटीत गाठ पलीकडे ठेवून दार लावून घ्यायचं. "वजन उचलल्याने उंची खुंटेल का?" हा आईचा प्रश्न मला प्रत्येक घरात येतो. नीट शिकवलेल्या, बेताच्या वजनाने उंची खुंटत नाही.

परवानगी मिळाल्यावर सायकल. नेहमीच्या मापापेक्षा सीट एक भोक वर, म्हणजे खुबा कमी वाकतो. पाच मिनिटं, रेझिस्टन्स शून्य, आणि एक नियम: सायकल चालवताना धाकट्या बहिणीला गोष्ट सांगता आली पाहिजे. धाप लागून गोष्ट तुटली की वेग कमी. आता तो 22 मिनिटांवर आहे. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज 60 मिनिटांची हालचाल सांगते. तिथे तो हळूहळू पोचेल. धावणं आणि उड्या ग्रोथ प्लेट बंद झाल्याचं एक्स-रेत दिसेपर्यंत नाहीत.

दर भेटीला मी आधी त्याचा डावा खुबा आत वळवून पाहते, मग सायकलची पिन. आता नवीन घरी गेले की मुलाला आधी जमिनीवर अनवाणी चालवते, निजवून दोन्ही खुबे पाहते, आणि एलन की त्यानंतर पिशवीतून काढते. त्या दिवशी ट्रेडमिलवर त्याला मी आणखी चार मिनिटं चालवलं होतं.